कागद होता तिथंच

आमची वेबसाइट उघडायला जरा वेळ लागला की लोक मला फोन करून झापतात. याच लोकांचे आईबाप माझ्या आत्तीच्या पुढच्या खोलीत रविवारची अख्खी सकाळ बसून राहायचे, दोन-दोनदा चहा प्यायचे आणि "बरं वाटलं बगा" म्हणून जायचे. माझी काही तक्रार नाही. लोकांना वाट बघायला लागू नये, हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. पण कधीकधी वाटतं, या फोन करणाऱ्यांना एकदा त्या खोलीत नेऊन बसवावं. आता ती खोली राहिली नाही, तिथे मोबाइलचं दुकान झालंय. आत्तीही राहिली नाही.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. आमच्या गडहिंग्लजकडे आत्याला आत्तीच म्हणतात. ती कोल्हापुरात शाळेत शिकवायची. निवृत्त झाल्यावर राजारामपुरीतल्या भाड्याच्या घरात तिने आमच्या बौद्ध समाजातल्या मुलामुलींसाठी वधूवर केंद्र काढलं. स्वतः मात्र लग्न केलं नव्हतं. कुणी खोचकपणे विचारलंच तर म्हणायची, "हलवाई सोताची मिठाई खातोय व्हय?" जन्मभर मुलांना व्याकरण शिकवलं, पण घरी बोलताना ती इथल्या बायकांसारखं "मी जातो, मी येतो"च म्हणायची.

रविवारी सकाळी पहिल्या एसट्यांनी लोक यायला लागत. मुरगूडचे, कुरुंदवाडचे, आमच्या गडहिंग्लजचे. दाराशी चपलांचा ढीग पडायचा. पत्रिका जुळवायची भानगड आमच्यात नाही, त्यामुळे विचारणा सरळ असे: शिक्षण, नोकरी, गाव, घरात माणसं किती. मग कुणीतरी हळूच रंगावर यायचं. एका बाईंनी "पोरगी जरा उजळ पायजे" म्हटल्यावर आत्तीने कपाटाच्या आरशाकडे हात केला. "बगून या तितं, मग बोलू."

या लोकांना परतीची एसटी गाठायची असायची. ते समोर बसल्यावर आत्ती एकेक कागद शोधत बसली असती तर दुपार झाली असती. म्हणून शनिवारी संध्याकाळीच ती फरशीवर सतरंजी टाकून बसायची आणि गठ्ठे लावून ठेवायची. नोकरीवाल्या मुली, शेती असलेली मुलं, शिक्षक, दुसरेपणाची स्थळं. एकाच मुलीच्या माहितीच्या झेरॉक्स तीन-चार गठ्ठ्यांत असायच्या. लोक काय मागणार हे तिला वर्षानुवर्षांच्या सरावाने ठाऊक होतं. पाहुण्याचं बूड खुर्चीला टेकायच्या आत गठ्ठा त्याच्या मांडीवर. मी तेव्हा कॉलेजला होते आणि तिच्याकडेच राहायचे. झेरॉक्स आणायचं आणि टाचण्या लावायचं काम माझ्याकडे होतं. त्या शनिवारच्या संध्याकाळी मला अजून आठवतात. कोपऱ्यात रेडिओ चालू असायचा, आत्ती प्रत्येक कागदाशी बोलायची. "तुझं कवा जमायचं रं बाबा?" असं ती फोटोतल्या मुलाला खरोखर विचारायची.

तिच्या कामाचे दोन नियम होते. पहिला, पेढे आल्याशिवाय कागद काढायचा नाही. लग्न ठरलं अशी नुसती बातमी आली तर ती कानाआड करायची. घरचे पेढ्यांचा पुडा घेऊन आले की मगच सगळ्या गठ्ठ्यांतून त्या मुलीचा कागद निघायचा आणि वेगळ्या फायलीत जायचा. दुसरा नियम, बोट दाखवायचं नाही. अमक्याला तमकी शोभेल असं तिच्या मनात पक्कं असलं तरी ती कधी सुचवायची नाही. "मी दाखवली आन् उद्या पटलं न्हाय, तर जलमभर माझ्या नावानं खडे फोडतील. त्यांनीच निवडूदे." मुलगी गठ्ठ्यात दिसली तरच तिचं नशीब. दिसली नाही तर ती या जगात नाहीच.

आणि कधीकधी एखादा कागद परत यायचा. ठरलेलं मोडायचं. बाप खाली मान घालून खोलीच्या दारात उभा राहायचा, आणि आत्ती एवढंच म्हणायची, "कागद हाय माझ्याकडं. होता तितंच लावतो." तो कागद ती कधीच वर ठेवायची नाही. गठ्ठ्यात मधे जिथून निघाला होता तिथेच, जुन्या तारखेसह सरकवून द्यायची.

असा एकदा माझा बापही त्या दारात आला होता. माझं शिक्षण संपता संपता साखरपुडा झाला आणि लग्नपत्रिका छापायला टाकायच्या आधी मोडला. समोरच्यांनी कारणसुद्धा दिलं नाही. गडहिंग्लजात महिनोन् महिने मी बाजारपेठेतून चालले की पाठीमागे कुजबुज व्हायची. मग आत्तीच्या गठ्ठ्यातूनच कोल्हापूरचं स्थळ आलं, झटक्यात जमलं. सासरी निघताना वडील म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. ते काढू नकोस कुणापाशी." मी काढलं नाही. सासरी चांगली माणसं मिळाली, उद्यमनगरात वर्कशॉप चालवणारा नवरा मिळाला, नोकरी करायची मोकळीक मिळाली. पण चोराच्या मनात चांदणं. गडहिंग्लजचं कुणी घरी आलं की मी चहाचं निमित्त करून आतच राहायचे. सासूबाई कुणाच्या मोडलेल्या सोयरिकीविषयी बोलायला लागल्या की मी उगीच उठून भांडी घासायला घ्यायचे. इतक्या वर्षांत ती भीती काही गेली नाही.

पुढे आत्तीचे गुडघे बोलायला लागले. फरशीवर बसणं जमेना. मी तोवर वेबसाइटी बनवायच्या धंद्यात मुरले होते, म्हणून मीच तिचं केंद्र वेबसाइटवर चढवलं. प्रत्येकाचं एक कार्ड: फोटो, शिक्षण, गाव, नोंदणीची तारीख. कार्डांच्या याद्या म्हणजे तिचेच गठ्ठे. आत्ती टॅबवर चष्मा कपाळावर चढवून नोंदी करायला शिकली. तारीख आपल्याला हाताने घालता आली पाहिजे, असा तिने हट्ट धरला. मी का म्हणून विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांचे असतात काही हट्ट, असं समजून मी ती सोय देऊन टाकली.

रविवारी सकाळी साइटचा जीव जायचा. सगळा जिल्हा एकाच वेळी यादी उघडायचा, आणि आमचं यंत्र दर माणसासाठी पहिल्यापासून सगळी कार्डं गोळा करत बसायचं. रेंज नसलेल्या गावात पडद्यावर नुसतं चाक फिरत राहायचं, आणि लोक कंटाळून बंद करायचे. तेव्हा मला आत्तीचा शनिवार आठवला. आमच्या धंद्यात त्याला कॅशिंग म्हणतात. एकदा लावलेली यादी मोडायची नाही, तयार ठेवायची. पुढच्याने मागितली की तीच हातात द्यायची.

आता ती यादी शिळी झाली हे यंत्राला कळायचं कसं? दरवेळी सगळी कार्डं तपासायची म्हटलं तर वेळ वाचलाच नाही. म्हणून मी, सगळे करतात तसं, दोनच गोष्टी बघायला सांगितल्या: गठ्ठ्याची जाडी आणि त्यातली सगळ्यात ताजी तारीख. कार्डं तेवढीच आहेत, ताजी तारीखही तीच आहे, म्हणजे काही बदललं नाही. दे तयार यादी. साइट पळायला लागली. आत्तीला समजावल्यावर तिने मान डोलावली. "मंजे माझा शनवार आता मशीन करतंय." आणि टॅब बाजूला ठेवत म्हणाली, "रेडिओ न्हाय तेवडा त्याच्यापाशी."

मग मुरगूडच्या एका मुलीचा कागद परत आला. ती कोल्हापुरातच एका दवाखान्यात नर्स होती. तिचे पेढे आम्ही खाल्ले होते. पत्रिका वाटून झाल्यावर मुलाकडच्यांनी अंग काढून घेतलं. शुक्रवारी तिचे वडील आले तेव्हा योगायोगाने मी तिथेच होते. मोठा धिप्पाड माणूस, पण खुर्चीच्या कडेला टेकला होता आणि चहा तसाच निवत ठेवला होता. म्हणाले, "म्याडम, पोरगी कामाला जायची बंद झालीया. खोलीचं दार लावून बसतीया." आत्ती म्हणाली, "कागद होता तितंच लावतो." मला माझा बाप आठवला. मी आत जाऊन उगाच पाणी प्यायले.

ते गेल्यावर आत्तीने मला सांगितलं की रविवारी कुरुंदवाडचे लोक येणार आहेत. मुलगा शाळामास्तर, समंजस. "या दोघांचं जमलं तर काय बहार हुईल!" असं ती म्हणाली, आणि लगेच स्वतःलाच दटावलं, "पर आपुन बोलायचं न्हाय." यादीत ती पोरगी त्यांच्या नजरेला पडावी, एवढंच तिचं मागणं होतं. शनिवारी कागलच्या एका मुलीकडचे पेढे आले. आत्तीने टॅबवर नोकरीवाल्या मुलींच्या यादीतून कागलची काढली, तिथेच मुरगूडची लावली, आणि आम्ही दोघी निवांत झालो.

रविवारी कुरुंदवाडची मंडळी "जयभीम" म्हणत आत आली. मुलाची आई खणखणीत आवाजाची. बसायच्या आधीच मोबाइल पुढे केला. "सगळं बगून आलोय एसटीत. आमाला ही पसंत हाय." पडद्यावर कागलची मुलगी हसत होती.

आत्तीने टेबलावरचा पेढ्यांचा पुडा शांतपणे पुढे सरकवला. "हे तिचंच पेढं. घ्या की."

बाईंचा चेहरा पडला आणि मग चढला. "मग लिस्टात कशाला ठेवलीसा? लोकांची चेष्टा हाय काय?"

मी लॅपटॉप उघडला. आत्तीच्या नोंदीत सगळं बरोबर होतं, कागलची बाहेर, मुरगूडची आत. पण लोकांना दिसणाऱ्या यादीत कागलची जागच्या जागी होती आणि मुरगूडच्या मुलीचा पत्ता नव्हता. मुलाची आई उठून चपला शोधायला लागली होती. त्यांना पुढे इचलकरंजीला दुसरं स्थळ बघायचं होतं, आणि तिथे बरं वाटलं तर सुपारी फोडूनच परतायचं असं त्या मोठ्याने म्हणत होत्या. आत्ती माझ्याकडे बघत होती. तिने नुसतं "आनि एक पोरगी हाय" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मला वाटलं, आज तरी मोडेल नियम. तिने पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधायला घेतला.

मी सगळ्या तयार याद्या पुसून टाकल्या. आता यंत्राला सगळं पुन्हा पहिल्यापासून जमवायला लागणार होतं, तेही रविवारी सकाळी. "एकदा परत उघडा," मी त्या बाईंना म्हटलं. त्यांनी एक चप्पल घातलेल्या अवस्थेत उघडलं. चाक फिरायला लागलं. फिरत राहिलं.

"बसा की पावणं," आत्ती म्हणाली. "च्या टाकलाय. न पिता जाऊने." टाकलेला वगैरे काही नव्हता. ती गुडघे धरत आत गेली आणि मला भांड्याचा मुद्दाम केलेला खडखडाट ऐकू आला. बाई कुरकुरत पुन्हा टेकल्या. चहा आला, चहाबरोबर चिवडा आला, मुलाच्या शाळेत पोरं किती याची चौकशी झाली. चाक फिरतंच होतं. जी साइट मी पळवायला शिकवली होती ती त्या दिवशी जुन्या एसटीसारखी घाट चढत होती, आणि जन्मात पहिल्यांदा मला तिची घाई नव्हती.

यादी उघडली. बाईंचा अंगठा सपासप वर सरकत होता. मुरगूडची मुलगी आली आणि गेली. आत्ती खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बघत बसली होती, जणू तिचा या खोलीशी संबंधच नाही.

"आई," इतका वेळ गप्प बसलेला मुलगा म्हणाला, "जरा मागं घे."

त्यांनी मागं घेतलं. त्याने फोटो मोठा केला, माहिती सावकाश वाचली. "नर्स हाय," आई म्हणाली, आवाज बराच खाली आणून. "घरात एक असलेली बरी की." आत्तीने खिडकीतून मान वळवली नाही, पण मांडीवर आवळलेली तिची मूठ उघडलेली मी पाहिली.

ते गेल्यावर मी तिला विचारलं, "काल तिला लावताना तारीख कुठली घातलीस?"

"जुनीच. नेमी तीच घालतो."

तिथेच सगळं होतं. एक कार्ड गेलं, एक आलं, गठ्ठ्याची जाडी तेवढीच राहिली. आलेल्या कार्डाची तारीख जुनी, त्यामुळे ताजी तारीखही हलली नाही. यंत्राने बघितलं आणि म्हणालं, काही झालंच नाही. आत्ती इतकी वर्षं माणसांना जे भासवत होती ते यंत्राने अगदी मनापासून खरं मानलं होतं.

"पण जुनी का?" मी विचारलं. हे खरं तर फार आधी विचारायला हवं होतं.

"नवी तारीख घातली की वर येती. वर आली की लोक इचारत्यात, ही मागच्या वर्सी हुती की, मधी कुटं गेलती? मग पोरगी बाजूला ऱ्हाती आन् मोडल्यालं लगीनच बगत बसत्यात. पयल्या खेपेला माणूस दिसूदे. बाकीचं मी दुसऱ्या भेटीत सांगतो."

"सांगतेस?"

"मग! लपवून कुणाचं भलं झालंय? पर आदी माणूस बगू द्यावा, मग गोष्ट सांगावी. उलटं केलं की माणूस दिसतच न्हाय."

तिच्यासमोर बसूनच मी दुरुस्ती केली. प्रत्येक कार्डाला आणखी एक तारीख दिली, कुणालाही न दिसणारी. कार्ड आत येवो, बाहेर जावो, ती बदलणार. लोकांना दिसणारी मात्र आत्ती घालेल तीच. आत्तीला ते फार पटलं. मुरगूडच्या मुलीचं पुढे जमलं. दुसऱ्या भेटीत आत्तीने सगळं सांगितलं, आणि पेढे घेऊन तिचे वडील आले तेव्हा दोनदा चहा प्यायले. पण ते नंतरचं.

त्या दिवशी लॅपटॉप मिटताना माझ्या डोक्यात एकच चाक फिरत होतं. "आत्ती, माझा कागद परत आला तेव्हा?"

"होता तितंच लावलता."

"आणि दुसऱ्या भेटीत?"

तिने पेढा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. "घरी जाऊन इचार," म्हणाली.

घरी आले तेव्हा सासूबाई ओट्यापाशी भाकरी थापत होत्या आणि नवरा जेवायला बसला होता. मी ताट वाढून घेतलं. मग घास न घेताच विचारलं. साखरपुडा, गडहिंग्लज, सगळं. शब्द नीट लागत नव्हते. नवरा जेवायचा थांबला. आणि मला जी भीती इतकी वर्षं पुरली होती, तिच्याकडे सासूबाईंनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. तव्यावरची भाकरी उलटत त्या म्हणाल्या, "ठावं हाय की. तुझ्या आत्तीनं सांगितलं तवा मी म्हटलं, आता सांगून काय उपेग? मला पोरगी आवडून बसली."

"मग इतक्या वर्षांत कधी बोलला का नाहीत?"

"तू गोष्ट काढली न्हाईस," त्या म्हणाल्या, आणि गरम भाकरी माझ्या ताटात टाकली. "मग आमी कशाला काढायची?"